नकाशांच्या खोलीवरची फुली

प्रिय टिल्लू,

सोबतचं पुडकं पत्र वाचून झाल्याशिवाय उघडू नकोस. हे सांगून काही उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून घ्यायचीस आणि मग राक्षस मरतो हे आम्हाला ऐटीत सांगायचीस. तरी या खेपेला बापाचं ऐक. पत्र जरा लांबलं आहे. नोकरीची एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात घालवली. तिथे दोन शब्दांत काम भागायचं, त्यामुळे न वापरलेले शब्द बरेच शिल्लक आहेत.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी गप्प बसतो, म्हणजे माझ्या अगदी उलट, असं तीच म्हणते. न्हाणीघराचा नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो आधीपेक्षा जास्त गळतो. उद्या प्लंबर येणार आहे आणि त्या वेळी मी फिरायला जायचं, असं आईने ठरवून टाकलं आहे.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होतो. फोन ठेवल्यावर आई भाजी निवडायची सोडून नुसती बसून राहिली, म्हणून मी विचारलं. तुमच्या शाळेत आग लागली तर कुणी काय करायचं याचा नवा तक्ता झाला आहे. तुझ्या वाट्याला दुसऱ्या मजल्याची डावी बाजू आली आहे. तिथल्या सगळ्या खोल्या आणि स्वच्छतागृहं बघायची, दारं ओढून घ्यायची आणि सगळ्यांत शेवटी उतरायचं. आणि आपलं पिल्लू बसतं तळमजल्यावर, बालवर्गात, फाटकाच्या अंगाला. मध्ये दोन जिने. सोमवारपर्यंत सही करून कागद द्यायचा आहे आणि तो चार दिवस तुझ्या पर्समध्ये घडी घालून पडला आहे. नाही म्हणावं, तर बाकीच्या शिक्षिका म्हणतील, मुलं काय आम्हाला नाहीत? हो म्हणावं, तर पिल्लू खाली राहतं. तुझी झोप उडाली आहे, असं आई म्हणाली. आणखी एक वाक्य तू तिला बोललीस, त्याकडे मी शेवटी येतो. पत्र कुरिअरने पाठवतो आहे, शनिवारपर्यंत तुला मिळायला हवं.

असले तक्ते मला नवे नाहीत. आमच्या शाळेचा पहिला तक्ता मीच काढला होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका (सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या), कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि त्यांनी मला आलेख कागदाचा गठ्ठा आणायला सांगितला. दोन दुपारी आम्ही दोघं मजले काढत बसलो. मेन स्विच कुणी बंद करायचा, घंटा कुणी वाजवायची, हजेरीपट कुणी उचलायचे, बंबासाठी फाटक मोकळं ठेवून कुणी उभं राहायचं, कुठला व्हरांडा कुणी तपासायचा. प्रत्येक कामापुढे एक माणूस, आणि तो त्या दिवशी आला नसेल तर त्याच्या शेजारचा. शिक्षकांच्या खोलीत तक्ता लावला तेव्हा जो तो नाक मुरडून गेला. खेळाचे सर म्हणाले, खरी आग लागली की तक्ता वाचायला कोण थांबणार आहे.

माझ्याकडे वरच्या मजल्याचं टोक आलं. प्रयोगशाळा, तिचा गॅसचा मुख्य कॉक, चित्रकलेचा वर्ग आणि सगळ्यांत शेवटी नकाशांची खोली. तो कॉक उलटा फिरायचा आणि हे फक्त मला माहीत होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. शेजारचा म्हणून चित्रकलेच्या सरांचं नाव होतं. आणि मोठ्या बाईंनी खडूची एक पद्धत घालून दिली होती. खोलीत शिरताना दारावर एक तिरकी रेघ मारायची, खोली रिकामी आहे हे बघून बाहेर पडताना तिच्यावर दुसरी. नुसती रेघ म्हणजे आत कुणी तरी शोधतंय. फुली म्हणजे खोली रिकामी, इथे वेळ घालवू नका. त्यासाठी माझ्या ॲप्रनच्या खिशात कायम खडू असायचा आणि तुझी आई धुणं धुताना त्याच्या नावाने खडे फोडायची.

मग ती आग लागली. तू आमच्याच शाळेत दुसरीत होतीस. मंगळवार होता, मधली सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल. मागच्या बाजूला तळमजल्यावर सामानाची खोली होती, बरोबर माझ्या प्रयोगशाळेच्या खाली. तिथे जुन्या वह्यांचे गठ्ठे आणि सतरंज्या कोंबलेल्या होत्या, आणि भिंतीतली वायर जळाली. मी तेव्हा खाली कार्यालयात नव्या आलेल्या बाटल्या मोजून घेत होतो. वीज गेली तशी विजेची घंटाही गेली. शिपाईमामांनी पितळी घंटा उचलली आणि ती बडवत सगळ्या व्हरांड्यांतून फिरले. पुढचं तू इतक्यांदा ऐकलं आहेस की पाठ असेल. मी वर धावलो, गॅस बंद केला, नकाशांच्या खोलीत सातवीतल्या दोन मुली अडकल्या होत्या त्यांना ओल्या फडक्याने तोंड झाकून खाली आणलं. बंब आला, आग विझली. शिपाईमामांच्या भुवया तेवढ्या जळाल्या. मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि ते तुझ्या आईने अशा जागी टांगलं की दारातून येणाऱ्याला आधी ते दिसावं. तुझ्या लग्नातही काकाने तुझ्या सासरच्या मंडळींना ही हकिगत सांगितली आणि सांगता सांगता एक मुलगी वाढवली. तेव्हा त्या तीन होत्या.

तुझ्या वाट्याची हकिगत वेगळी होती. तू मैदानावर आलीस ती एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मळका मोजा घालून. मी विचारलं, अगं, तुझा दुसरा बूट कुठे गेला, आणि तू इतक्या गंभीरपणे म्हणालीस की तो घाबरून पळून गेला, की तुझ्या वर्गाच्या बाई रडता रडता हसल्या. घरी आल्यावर मात्र तू आईला विचारलंस की जिन्यात मी बाबांना हाक मारली तर ते थांबले का नाहीत. आईने लगेच सांगितलं, बाबांच्या डोळ्यांत धूर गेला होता, त्यांना तू दिसलीच नसशील. तू माझ्याकडे बघितलंस. मी पाणी पीत होतो, पीतच राहिलो. तेव्हापासून हीच आपल्या घरातली खरी गोष्ट झाली.

टिल्लू, या हकिगतीतले दोन तुकडे मी आजवर कुणाला सांगितले नाहीत. पहिला सांगताना लाज वाटते, दुसरा सांगताना भीती. लाजेचा आधी सांगतो.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सराव असायचा. मोठ्या बाई मैदानावर स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहायच्या. चार मिनिटांत शाळा रिकामी झाली की त्यांचा चेहरा खुलायचा. साडेचार झाली की पुढचा आठवडा सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. माझा व्हरांडा सगळ्यांत लांब आणि मी सगळ्यांत जाडा. नेहमी मीच शेवटी धापा टाकत पोचायचो आणि खेळाचे सर हातातल्या घड्याळाकडे बघून खोकायचे. शेवटी मी एक शक्कल लढवली. नकाशांच्या खोलीत कधी चिटपाखरू नसायचं. मग सरावाच्या दिवशी सकाळीच, शाळा भरायच्या आधी, तिच्या दारावर फुली मारून ठेवायची. दार उघडायचंसुद्धा नाही. अर्धं मिनिट वाचायचं. दोन वर्षं मी हे केलं. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की टोकाची बाजू आता किती सुधारली आहे बघा, आणि मी मान खाली घालून विनयाने हसलो होतो. सराव झाला की सगळ्या फुल्या पुसायच्या, हेही माझंच काम. आगीच्या आधीच्या शनिवारी पावणेबाराच्या बसची घाई होती आणि नकाशांच्या खोलीची फुली पुसायची राहिली.

मंगळवारी शिपाईमामांची घंटा ऐकली तेव्हा कार्यालयात उभ्या उभ्या मला आधी ती फुली दिसली. आग दिसायच्या आधी. मी वर गेलो नाही तर चित्रकलेचे सर माझी बाजू बघणार, हे ठरलेलं होतं आणि ते बघतील याबद्दल मला शंका नव्हती. सज्जन आणि नेमाचा माणूस. ते फुली बघणार आणि नेमाने परत फिरणार. मैदानावर मोजणीत कुणी कमी भरलं, तर शोधायला येणाराही फुली बघून दुसरीकडे जाणार. ती फुली खोटी आहे हे अख्ख्या शाळेत एकट्या मला माहीत होतं. आत त्या दोन मुली आहेत हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. भूगोलाच्या बाईंनी त्यांना नकाशा आणायला पाठवलं होतं. वीज गेल्यावर हातघंटा ऐकून त्यांना वाटलं तास संपला, म्हणून त्या आरामात नकाशे उलगडत बसल्या. मग व्हरांड्यात धूर दिसला तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी दार उघडलं तेव्हा एकजण दुसरीला म्हणत होती की कुणीतरी येईल, खोल्या तपासतात. प्रशस्तिपत्राखालून जाताना दर वेळी मी नजर चुकवतो ती यासाठी. तुझ्या आईला वाटतं मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

पुढे मी माझ्या परीने सुधारणा केल्या, हे सांगितलं नाही तर स्वतःवर अन्याय होईल. सराव न सांगता घ्यावेत म्हणून मी बाईंच्या मागे लागलो. कधी पाऊस पडताना, कधी परीक्षेच्या मध्यात. सराव संपला की मीच पुन्हा सगळी दारं फिरायचो, ओल्या फडक्याने एकेक फुली पुसायचो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात कुणी तरी म्हणालं, हे गृहस्थ पुसायचं फडकं घेऊनच जन्माला आले. मी सगळ्यांबरोबर हसलो.

आता तुझ्या कागदाबद्दल. सही कर असं मी म्हणणार नाही आणि करू नकोस असंही नाही. पण सोमवारी कागद द्यायच्या आधी एक कर. मधल्या सुट्टीत बालवर्गात जा आणि तिथल्या बाई मुलांना बाहेर कशा नेतात ते बघ. किती मुलांमागे किती माणसं आहेत, दार कुठल्या बाजूला उघडतं, त्या पुढे चालतात की मागे राहून मोजतात. तुझ्या वर्गाच्या बाई मागे राहून मोजायच्या. त्यांना मी प्रत्येक सरावात पाहत आलो होतो. एकदा तर छत्तीसऐवजी पस्तीस भरले म्हणून त्यांनी सगळी रांग उन्हात थांबवली होती आणि छत्तिसावा मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली बसलेला निघाला. अशा बाई बालवर्गात असतील तर तुला वर जाता येईल. नसतील, तर मुख्याध्यापिकांना स्पष्ट सांग की आधी तिथे माणूस वाढवा, मग माझी सही मागा. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या लेकराला बिनभरवशाच्या हातात ठेवून दुसऱ्या मजल्यावरची दारं कुठलीच आई नीट तपासणार नाही, आणि तशी अपेक्षा करणारा तक्ता फाडून नवा करावा. मी स्वतः तक्ते काढले आहेत म्हणून हे म्हणू शकतो.

आणि दुसरं, याहून महत्त्वाचं. पिल्लाला आधी सांगून ठेव. मी आमच्या शाळेतल्या बेचाळीस माणसांना त्यांची कामं समजावली, शिपाईमामांकडून घंटा वाजवण्याची तालीम करून घेतली, भिंतीभिंतीवर बाण रंगवले. फक्त माझ्या घरात, माझ्याच शाळेत दुसरीत शिकणाऱ्या मुलीला मी कधी सांगितलं नाही की अशी वेळ आली तर बाबा तुझ्याकडे येणार नाही, तू बाईंबरोबर जायचं आणि बाबा नंतर मैदानावर भेटेल. एका वाक्याचं काम होतं. तुला शाळेत सोडताना रोज रस्त्यात पंधरा मिनिटं मिळायची, ती मी पाढे म्हणवून घेण्यात घालवली. पिल्लू पाच वर्षांचं आहे, तिला समजेल. तू सात वर्षांची होतीस, तुलाही समजलं असतं.

आता ते वाक्य. तू रविवारी आईला म्हणालीस, “बाबांना मी दिसलेच नव्हते, म्हणून ते जाऊ शकले. मला तर माझी मुलगी दिसणार आहे. मी कशी जाऊ?” चार दिवस हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. त्याच्यावर भरवसा ठेवून तू काहीही ठरवलंस, हो किंवा नाही, तरी ते माझ्या खोटेपणावर ठरवलेलं असेल, म्हणून हे पत्र. टिल्लू, जिन्यात धूर नव्हता. धूर वरच्या व्हरांड्यात होता. तुमची रांग भिंतीकडून उतरत होती, मी कठड्याकडून चढत होतो आणि वळणावर तू मला दिसलीस. उजवी वेणी सुटलेली होती. एका पायात बूट नव्हता. तू म्हणालीस, “बाबा, मी इथे आहे.” मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. मी दोन्ही हाका ऐकल्या. तुझ्यामागे तुझ्या बाई होत्या, त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता, त्या मोजत होत्या आणि त्यांनी मला मानेने खुणावलं की जा. तुझ्याकडे एकदा नीट बघितलं तर पुढचा पाय उचलणार नाही हे मला कळलं, म्हणून मी कठड्याकडे तोंड फिरवलं. पाच-सहा पायऱ्या वर तुझा बूट पडला होता. कुणाचा पाय अडकेल म्हणून उचलला आणि ॲप्रनच्या खिशात खडूशेजारी टाकला. त्या मुलींना बाहेर काढलं तेव्हा तो माझ्या खिशात होता, मैदानावर तुला बूट कुठे गेला असं विचारलं तेव्हाही होता. जिन्यात सापडला म्हणून सहज देता आला असता. पण तू तो हातात घेऊन माझ्याकडे बघितलं असतंस आणि मला सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून तो प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आणि निवृत्त झालो तेव्हा ट्रंकेत आणला. काल आईला दाखवला. तिने स्वतः उठून तो कागदात नीट गुंडाळला. आता पुडकं उघड. तुला पाहूनही मी पुढे गेलो, बाळ. त्या दिवशी जायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि तरी मला माफ कर.

तुझाच, दोन्ही हाका ऐकलेला
बाबा